कोहळ्याचा पहिला काप

हिवाळेबाईंवर मी आजवर दोनच ओळी लिहिल्या आहेत. खामगावच्या एका साप्ताहिकात, तिसऱ्या पानावर, सरकीच्या भावाखाली त्या छापून आल्या. चिखली तालुक्यातल्या एका गावी ग्रामसेविकेनं घरगुती भट्टीत पदार्थ भाजण्याचं प्रात्यक्षिक दाखवलं, महिला मोठ्या संख्येनं हजर होत्या, एवढाच मजकूर. त्यात एक चूक होती. महिला मोठ्या संख्येनं हजर होत्या हे खरं. पण प्रात्यक्षिक सुरू झाल्यावर पाच मिनिटांत त्या तितक्याच मोठ्या संख्येनं उठून गेल्या, हे संपादकांनी कापलं होतं.

गावाचं नाव तेव्हा छापलं होतं. आता लिहीत नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्यांची माणसं तिथे राहतात. उंद्रीच्या फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि तासभर चालायचं, एवढं पुरे.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. पंचायत समित्या नव्या होत्या, त्यांच्या जीपगाड्याही नव्या होत्या. गावोगाव ग्रामसेविका नेमल्या जात होत्या. त्यांनी बायकांना बिनधुराची चूल बांधायला, पाणी उकळून प्यायला आणि लेकरांना भाज्या खाऊ घालायला शिकवायचं, असा सरकारचा हिशेब होता. हिवाळेबाई त्यांपैकी एक. वय पस्तिशीच्या आत, बांधा ठेंगणा, पांढऱ्या लुगड्याला निळी किनार. मूळच्या मेहकरकडच्या. नवरा वारलेला. एकुलता एक मुलगा मिलिंद खामगावला वसतिगृहात ठेवलेला. मनगटावर घड्याळ होतं, पण त्याची तबकडी त्या आतल्या बाजूला बांधत. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "वेळ मला पाहायची असते. लोकांना दाखवायची नसते."

त्यांच्याकडे दोन भाषा होत्या. बायकांशी त्या वऱ्हाडीत बोलत, साहेबांशी पुस्तकी मराठीत. मात्र राग आला की सगळ्यांशीच पुस्तकी बोलत. गावातल्या बायकांनी हे लवकर ओळखलं होतं. "बाई 'आहे' म्हणून राह्यली, चला उठा," असं त्या एकमेकींना सांगत.

आणि एक सवय होती. कुणी कसलीही भीती घातली की त्या शांतपणे विचारत, "अन् मग?" गावात त्यांना शाळेमागची खोली मिळाली होती. पहिल्याच दिवशी कोतवाल सांगायला आला.

"बाई, या खोलीत साप निंगते."

"अन् मग?"

"मंग काय? चावते."

"अन् मग?"

"मंग मरते माणूस!"

"मग तर खोली आपोआपच रिकामी होईल. तवर राहू द्या मले."

कोतवाल हा संवाद पुढे कित्येक महिने पारावर सांगत होता. दर वेळी साप थोडा मोठा होई.

ज्या पदार्थामुळे मी त्या गावात गेलो तो बाईंनी प्रशिक्षण केंद्रात पाहिला होता. तिथे अमेरिकेहून आलेल्या एक पाहुण्या शिक्षिका होत्या. त्यांच्या मुलखात थंडी सुरू झाली की घरोघर तांबड्या भोपळ्याचा, म्हणजे आमच्याकडच्या कोहळ्याचा, एक गोड पदार्थ करतात. पिठाची वाटी थापायची, तीत कोहळ्याचा मसालेदार गर भरायचा, वर झाकण न घालता भट्टीत भाजायचं. त्या पाहुणीनं डबाबंद गर मिळत नाही म्हणून हळहळत अख्ख्या कोहळ्यापासून तो करून दाखवला होता. बाईंनी तिला एकच प्रश्न विचारला, "तुमच्याकडे पहिला काप कोण देतं?" पाहुणीला प्रश्न कळला नाही. दुभाष्यानं दोनदा सांगूनही कळला नाही. बाई मला म्हणाल्या, "तेव्हाच ठरवलं, शिकवीन तर हेच."

प्रश्न का कळला नाही ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आमच्या भागात अख्ख्या कोहळ्याला बाई पहिला हात लावत नाही. कोहळं म्हणजे घरातला थोरला लेक; बाईनं ते आधी कापलं तर तो दगावतो, अशी समजूत. पहिला काप पुरुषानं द्यायचा. मग बाईनं त्याच्या हव्या तितक्या फोडी कराव्यात. घरात पुरुष नसेल तर कोहळं आढ्याला टांगलेलं राहतं. शेजारच्या पुरुषाला हाक मारतात. तोही नसेल तर पाळण्यातल्या मुलाची मूठ कोयत्याच्या दांड्यावर ठेवतात आणि वरून आजी दाबते.

मी पोचलो त्या गुरुवारी शाळेच्या ओसरीवर चाळीसेक बायका बसल्या होत्या. अंगणात भट्टी तयार होती. राकेलचा रिकामा डबा आडवा ठेवलेला, तळाला वाळू, खाली गोवऱ्या, वर पत्र्यावर निखारे. भट्टी किती तापली हे पाहायला बाई आत कागदाचा तुकडा टाकत. तो काळा पडला तर भट्टी जास्त तापली, पांढरा राहिला तर कमी, बदामी झाला तर बरोबर. मी आमच्या साप्ताहिकाचा ताजा अंक भेट म्हणून नेला होता. बाईंनी आभार मानले, पहिलं पान फाडून त्याचा तुकडा भट्टीत टाकला, बाहेर काढून पाहिला आणि म्हणाल्या, "बरोबर. तुमच्या पेपराले खरपूस रंग येते."

मग त्यांनी कोहळं पुढे घेतलं आणि कोयता उचलला.

"थांब बाई," पुढच्या रांगेतून आवाज आला. ती सरपंचाची आई होती. गाव तिला मोठी आई म्हणे. "कोहळं अख्खं हाये."

"अख्खं हाये म्हणूनच तं कापतो, मोठी आई."

"माणसाचा हात लागू दे अगुदर." तिनं इकडेतिकडे पाहिलं. ओसरीवर पुरुष एकच होता. "हे भाऊ हायेत ना पेपरवाले. लावा भाऊ हात, होऊ द्या सुरू."

मी हात पुढे केला. हे नोंदवायला हवं. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"तुम्ही लिहा," हिवाळेबाई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. "तुमचं काम लिहायचं आहे."

'आहे' ऐकताच मागच्या दोन बायका उठल्या. बाईंनी कोयता मारला. एका घावात कोहळं अर्धं झालं नाही. तीन घाव लागले. तिसऱ्या घावापर्यंत ओसरी जवळजवळ रिकामी झाली होती. मोठी आई शेवटी उठली. तिचा चेहरा रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. "तुह्यं काय जाते," ती म्हणाली. "लेकरं आमची हायेत."

त्या दिवशीचा पदार्थ बाईंनी एकट्यानं केला आणि आम्ही दोघांनी खाल्ला. गूळ, आटवलेलं दूध, सुंठ, जायफळ. अंडं गावात चालणार नाही म्हणून तांदळाची पिठी. वाटीचा काठ खुसखुशीत आणि आतला गर खरवसासारखा थरथरणारा. खाताना त्या म्हणाल्या, "मी बौद्ध आहे. माझ्या हातचं खायचं नाही, असं तोंडावर म्हणणं आता कायद्यानं अवघड झालंय. कोहळं सोपं पडतं." थोड्या वेळानं स्वतःलाच दुरुस्त केलं. "मोठी आई तशी नाही. ती खरंच भ्याली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेच्या भिंतीवर तपकिरी कागद चिकटवला. त्यावर निळ्या पेन्सिलीनं गावातल्या घराघरातल्या थोरल्या मुलांची नावं लिहिली. वर मजकूर होता: दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी ग्रामसेविका स्वतः कोहळं कापील. कापल्यावर ही यादी वाचली जाईल. वर्षभर. यादीतलं पहिलं नाव होतं मिलिंद हिवाळे, खामगाव.

ही गोष्ट धाडसाची होती आणि अविचाराची. त्या काळी आमच्या खेड्यांत लेकरं पावसाळ्यात जात. यादीतलं एखादं नाव वर्षात पुसलं जाणार, हे बाईंना माहीत होतं. नर्सचं जुजबी शिक्षण झालेल्या बाईला ते माहीत नसणं शक्यच नाही. मी तसं विचारलं. त्या म्हणाल्या, "म्हणूनच यादी लावली. लेकरू कशानं जाते ते एकदा लोकायनं भिंतीवर पाहावं."

पुढच्या महिन्यात बायका खिडकीतून पाहत होत्या. त्याच्या पुढच्या महिन्यात ओसरीच्या कडेला. पहिला काप झाल्यावरच त्या आत येत, जणू तो काप त्यांनी पाहिलाच नव्हता. यादी वाचली जाई. "हाये," "हाये," असं उत्तर येई. मग बायका भट्टीभोवती गोळा होत. मी अधूनमधून जाई. पिठावरून भांडणं होत. या वाटीचं पीठ मळायचं नसतं. तुपात चोळून रव्यासारखं करायचं आणि गार पाण्यात जेमतेम गोळा करायचं. हे त्या बायकांच्या हातांना जमेना. लहानपणापासून कणीक मळलेले ते हात. गोळा दिसला की बुक्क्या बसत आणि वाटी चपलेच्या तळासारखी भाजून निघे.

"मळू नका म्हणतो ना!" बाई ओरडत.

"मळल्याबिगर पीठ कसं? सासू मारीन ना!"

"सासू इथं नाई."

"हाये की. तिकडं मांगं बसली."

मोठी आई खरोखरच मागे बसलेली असे. ती दर वेळी येई, लांब भिंतीला टेकून बसे आणि काही खात नसे. पदार्थाला बायकांनी 'उघडी पुरणपोळी' असं नाव ठेवलं होतं. सरपंचाची बायको रुख्मा, म्हणजे मोठ्या आईची सून, ही वाटी सगळ्यांत चांगली करी. ती बोलत नसे. पदर कपाळापर्यंत, नजर पिठावर.

भाद्रपदात एका सालदाराचा दीड वर्षाचा मुलगा हगवणीनं गेला. तो घरातला थोरला होता. त्याचं नाव यादीत होतं.

त्याला चिखलीच्या दवाखान्यात न्यायला बाईंनी बैलगाडी मिळवली होती. नाल्याला पूर असल्यानं गाडी मागे फिरली. पण गावात त्याची चर्चा झाली नाही. सरपंचानं पंचायत समितीकडे अर्ज दिला: ग्रामसेविकेच्या आडमुठेपणामुळे गावात अपशकून झाला, बदली व्हावी. पुढच्या पहिल्या गुरुवारी गटविकास अधिकारी जीपनं आले. मी त्यांच्याबरोबर होतो. ते भले गृहस्थ होते. वाटेत म्हणाले, "बाई कामाची आहे. थोडी नमली तर वाचेल."

ओसरीवर त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. भिंतीवर त्या मुलाच्या नावापुढे निळ्या पेन्सिलीनं तारीख लिहिली होती आणि एक शब्द: हगवण. आढ्याला टांगलेलं, गेल्या हंगामातलं शेवटचं कोहळं खाली काढून ठेवलं होतं.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "हिवाळेबाई, आज पहिला काप आमच्या शिपायाला देऊ द्या. एवढ्यानं प्रकरण मिटेल. त्यात तुमचं काय जातं?"

"आज त्यानं काप दिला, तर ते मूल माझ्यामुळे गेलं हे मी मान्य केल्यासारखं होईल. ते पाण्यानं गेलं आहे. त्या विहिरीचं पाणी अजूनही कुणी उकळत नाही."

मग त्यांनी पिशवीतून दोन कागद काढले. कोतवाल बुकातली, जन्ममृत्यूच्या नोंदींची ती नक्कल होती. बाई गावात येण्यापूर्वीच्या वर्षाची.

"या वर्षी गावात एकाही बाईनं कोहळं कापलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "खरं की खोटं?"

 मागून एक म्हातारी म्हणाली, "खरं."

त्यांनी त्या वर्षी गेलेल्या लेकरांची नावं वाचायला सुरुवात केली. नाव, बापाचं नाव, वय. आवाज चढवला नाही. प्रत्येक नावाला ओसरीवर कुठेतरी एखादी बाई खाली पाही. हे वाचणं निर्दय होतं असं मला तेव्हा वाटलं. आजही काही अंशी वाटतं. पाचवं नाव सरपंचाच्या मुलाचं होतं.

"बस्स!" मोठी आई भिंतीचा आधार सोडून उभी राहिली. "त्याचं नाव घेऊ नको."

"घेऊ द्या, आत्याबाई."

आवाज रुख्माचा होता. मी तो पहिल्यांदाच ऐकत होतो. पीठ लागलेले हात तिनं तसेच धरले होते. "दोन वर्सं झाले, घरात त्याचं नाव कोणी घेत नाई. नंदू नाव व्हतं त्याचं. घेऊ द्या."  मग साहेबांकडे नाही, बाईंकडे नाही, सासूकडे पाहून म्हणाली, "त्या सालचं कोहळं कोणं कापलं व्हतं? ह्यायनंच कापलं व्हतं ना?"

ओसरीच्या दाराशी सरपंच उभे होते. 

रुख्मा खाली बसली आणि तिनं कोयता उचलला.

"रुख्मे!" म्हातारीचा आवाज फाटला. "तुले आता दुसरा हाये. थोरला आता तोच हाये ना वं. त्याच्यावर काऊन घेतं?"

रुख्माचा हात थांबला. तो थांबला हे मी पाहिलं. तिचा दुसरा मुलगा वर्षाचा होता आणि त्या क्षणी समोरच्या खांबाला धरून उभा होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"अन् मग?" ती म्हणाली, आणि कोयता मारला.

तिला एकच घाव लागला.

मोठ्या आईनं नातवाला उचललं आणि ती बाहेर जाऊन शाळेच्या पायरीवर बसली. पदार्थ होईपर्यंत दोन तास तिनं त्याला खाली ठेवलं नाही. मुलगा रडला, चावला, झोपला. तिनं मिठी सोडली नाही. त्याला काही झालं नाही. पण हे वाक्य मी पुरावा म्हणून लिहीत नाही. हिवाळेबाईंनीही ते तसं कधी वापरलं नसतं.

त्या दिवशी गर कापडात घालून पिळला, गूळ मिसळला, वाटी न मळता थापली ती रुख्मानंच. भट्टीत तुकडा मात्र आमच्या पेपरचा गेला नाही. बाईंनी सरपंचाच्या अर्जाची प्रत साहेबांकडून वाचायला मागून घेतली होती. तिचा कोपरा फाडून आत टाकला. साहेब म्हणाले, "अहो, ते सरकारी कागदपत्र आहे." बाई म्हणाल्या, "कोराच भाग घेतला आहे, साहेब."

मी निघालो तेव्हा त्या जीपपर्यंत आल्या. साहेब पुढे बसले होते. बाईंनी मला बाजूला घेतलं. "खामगावले जाता ना? वसतिगृहावरून जा. मिलिंदले पाहून या. ताप-बीप नाही ना, एवढंच. एक कार्ड टाका मले." बोलताना त्या घड्याळाची तबकडी अंगठ्यानं पुसत होत्या. "आणि हे लिहायचं नाही."

मी दुसऱ्या सकाळी वसतिगृहावर गेलो. मुलगा विटीदांडू खेळत होता. कार्ड टाकलं. बाईंनी सांगितलं तसं ते इतकी वर्षं लिहिलं नाही. आता लिहितो, कारण त्याशिवाय त्यांनी दर महिन्याला भिंतीवरचं ते पहिलं नाव कसं वाचलं असेल हे कळत नाही.

बदली झालीच. प्रशासकीय कारणास्तव, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. सरपंचानं अर्ज मागे घेतला नाही. घेतला असता तर बायको जिंकली असं गाव म्हणालं असतं. यादीचं वर्ष पुरं व्हायला एक गुरुवार बाकी होता.

दिवाळीनंतर मी चिखलीहून येत असताना एसटी उंद्रीच्या फाट्यावर थांबली. हिवाळेबाई चढल्या. एक ट्रंक, एक वळकटी, हातात राकेलचा तो डबा. कंडक्टरनं डब्याचं तिकीट मागितलं. त्या म्हणाल्या, "रिकामा आहे." तो 'आहे' ऐकून मी हसलो, कंडक्टरला कारण कळलं नाही. माझ्याकडे पाहून त्यांनी मान हलवली आणि खिडकीशी बसल्या.

गाडी सुटायच्या बेतात असताना गावाच्या वाटेनं एक बाई पळत येताना दिसली. पदर डोक्यावरून घसरला होता, काखेत ओझं होतं. रुख्मा होती. तासभराची वाट ती किती वेळात आली कोण जाणे. तिला बोलायला दम नव्हता. तिनं खिडकीतून ओझं आत दिलं. नव्या हंगामातलं कोहळं होतं, चांगलं पाच-सहा शेराचं. निरोपाला अख्खं फळ देतात. हे अख्खं नव्हतं. एका बाजूनं त्याची एक फोड कापून काढलेली होती, ताजी. तांबडा गर ओला दिसत होता.

"गुरुवार राह्यला व्हता," रुख्मा म्हणाली. "मी कापलं. यादी बी वाचली. बाकीचे समदे हायेत."

कंडक्टरनं घंटी दिली. मागच्या बाकावरचा एक म्हातारा वाकून म्हणाला, "बाई, कापेल कोहळं प्रवासात नासते. अन् पहिला हात कोणाचा हाये याले?"

 हिवाळेबाईंनी कोहळं मांडीवर घेतलं आणि वळवून असं ठेवलं, की कापलेली बाजू सगळ्या गाडीला दिसावी.